सिंधू ‘पडले’ म्हणते तेव्हा

नागपूरहून छिंदवाड्याच्या रस्त्याला लागले की तासाभरात सावनेर येते. संत्र्याच्या बागा, कापूस आणि कोळशाच्या खाणी यांच्यामधले हे गाव. मराठी रंगभूमीच्या इतिहासात ते एका मृत्यूसाठी नोंदले गेले आहे. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी इथे वारले. वय अवघे तेहतीस. क्षयाने शरीर पोखरून टाकले होते. त्यानंतर महिना पुरा व्हायच्या आत, २० फेब्रुवारी १९१९ रोजी, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग केला. बालगंधर्व सिंधू झाले, गणपतराव बोडस सुधाकर. पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांनी रचली होती. ज्या नाटकाने गडकऱ्यांचे नाव घरोघरी नेले, त्या नाटकाचा पडदा वर जाताना पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

आज त्या गोष्टीला शंभराहून अधिक वर्षे झाली. या काळात ‘एकच प्याला’ची एक ठराविक ओळख पक्की झाली आहे. ‘दारूचे दुष्परिणाम दाखवणारे नाटक’ असे एक वाक्य म्हटले की आपले काम संपते. दारूबंदी सप्ताह आला की एखाद्या शाळेत त्यातला प्रवेश बसवला जातो, मुख्याध्यापक दोन शब्द बोलतात आणि मुले घरी जातात. हे वाक्य खोटे नाही, पण अपुरे आहे. नुसता दारूचा धडा द्यायचा असता तर गडकऱ्यांना पाच अंक लागले नसते, एक पत्रक पुरले असते. त्यांनी लिहिली ती एका प्रेमाची शोकांतिका. दारू त्या प्रेमाचा घात करते हे तर खरेच. पण तिला घरात वाट कोणी करून दिली आणि ती घरात असताना कोण कोण गप्प बसले, हा त्या नाटकाचा खरा प्रश्न आहे.

प्रेमाच्या शोकांतिकांची एक रीत असते. फारसी-उर्दूच्या परंपरेत आम्ही लैला-मजनूंची गोष्ट लहानपणापासून ऐकतो. बाराव्या शतकात निजामी गंजवी यांनी ती फारसीत काव्यबद्ध केली आणि पुढे ती कितीतरी भाषांत गेली. त्या गोष्टीत आडवा येतो तो बाप, ती टोळी, ती टोळीची अब्रू. शिरीन-फरहादच्या गोष्टीत आडवा येतो तो राजा. रोमिओ-ज्युलिएटमध्ये दोन घराण्यांचे वैर. म्हणजे प्रेम निर्मळ आणि अडथळा बाहेरचा. दोघे एकत्र येऊ शकत नाहीत म्हणून मरतात. गडकऱ्यांनी ही रीत उलटी केली. त्यांचे नायक-नायिका एकत्र आलेले आहेत. लग्न झाले आहे. संसार आहे. सिंधू श्रीमंत माहेरातून गरिबीतून वर आलेल्या सुधाकरच्या घरी आली आहे आणि सुखात आहे. सुधाकर बुद्धिमान वकील आहे, बायकोवर जीव टाकणारा आहे. इतर प्रेमकथा जिथे ‘आणि मग ते सुखाने नांदू लागले’ म्हणून संपतात, तिथे या नाटकाचा पडदा वर जातो. इथे कोणी बाप आडवा येत नाही, कोणी राजा येत नाही. संकट दिवाणखान्याच्या दारातून, घरच्याच कारकुनाच्या हातून आत येते.

ते कसे येते, हे नीट पाहण्यासारखे आहे. नाटकाच्या आरंभी सुधाकरला दारूची तहान नसते. एका नव्या मुन्सफाशी कोर्टात त्याचा खटका उडतो. सुधाकर स्वभावाने तापट, स्वाभिमानी. अपमान गिळणे त्याला जमत नाही. वाद वाढतो आणि त्याची वकिलीची सनद सहा महिन्यांसाठी काढून घेतली जाते. सहा महिने म्हणजे फार नव्हेत. पण ज्याने केवळ बुद्धीच्या जोरावर समाजात जागा मिळवली, त्याच्या हातून तीच जागा सर्वांसमक्ष काढून घेतली जाते. डोके शांत होत नाही, झोप लागत नाही. अशा वेळी तळीराम हा त्याचा कारकून जवळ येतो आणि दुःखाचा विसर पडावा म्हणून थोडीशी घ्यायला सांगतो. फार नाही, एकच प्याला.

नाटकाच्या नावातला ‘एकच’ हा शब्द म्हणूनच महत्त्वाचा आहे. आरंभी तो धीर देणारा शब्द आहे: एकच तर, त्यात काय होते? शेवटी सुधाकर जो प्याला घेतो, त्यात विष असते. तोही एकच असतो. त्या दोन प्याल्यांच्या मधे एक घर, एक तान्हे बाळ आणि दोन आयुष्ये संपतात.

आता पहिला नैतिक धडा कोणता? दारू वाईट, हे तर झालेच. पण त्याच्या अलीकडे एक धडा आहे. अपमान पचवण्याची विद्या आपण आपल्या मुलांना, विशेषतः मुलग्यांना, शिकवत नाही. पुरुषाने रडू नये, पुरुषाने हरू नये, पुरुषाने बायकोच्या माहेरचा पैसा घेऊ नये, हे शिकवतो. हरल्यावर काय करावे हे मात्र शिकवत नाही. मग ते शिकवायला तळीराम येतो. आमच्या नागपुरात जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेली एम्प्रेस मिल पुढे बंद पडली. पगाराबरोबर ज्यांचा मान गेला, अशी माणसे गिरणीच्या भोंग्यावर वाढलेल्या वस्त्यांतून मी पाहिली आहेत. सकाळी डबा घेऊन निघायची सवय असलेला माणूस सकाळी जाणार तरी कुठे? त्यांच्यापैकी कितीतरी जण सावरले, मुलांच्या भाजीच्या गाडीवर उभे राहिले, रिक्षा चालवू लागले. जे सावरले नाहीत त्यांच्या आरंभाची गोष्ट सुधाकरहून फार वेगळी नव्हती. कोर्ट बदलले, सनद बदलली, तळीराम तोच राहिला.

दुसरी गोष्ट तळीरामाच्या मंडळाची. गडकऱ्यांची विनोदी लेखणी इथे मोकाट सुटली आहे. दारुड्यांनी एक ‘आर्य मदिरा मंडळ’ काढले आहे. त्या काळी पुण्यामुंबईत मंडळे, सभा, परिषदा यांचे पेव फुटले होते. मद्यपाननिषेधाच्या सभाही होत. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध आवाज उठवला होता. १९०८ साली टिळकांच्या प्रेरणेने पुण्यात दारूच्या दुकानांसमोर स्वयंसेवक उभे राहिले होते. नाटककारही मागे नव्हते. गडकऱ्यांचे गुरू श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, जे स्वतः वकील होते आणि आपल्या विदर्भातच वकिली करत होते, त्यांनी ‘मूकनायक’मध्ये हा विषय घेतला होता. खाडिलकरांनी ‘विद्याहरण’मध्ये शुक्राचार्यांच्या मद्यपानाची कथा आणली होती. गडकऱ्यांनी नवे काय केले? त्यांनी गुत्त्यावरचा गरीब बेवडा दाखवला नाही. त्यांनी शिकलेल्यांची दारू दाखवली. पिणे म्हणजे सुधारणा, पिणे म्हणजे मोठेपणा, असे मानणाऱ्यांची बैठक दाखवली. प्रेक्षागृहात पुढच्या रांगेत जे बसत, त्यांनाच रंगमंचावर बसवले.

या मंडळाच्या सभासदांत एक शास्त्रीबुवा आहेत आणि एक खुदाबक्षही आहे. माझ्यासारख्या वाचकाची नजर त्या नावावर थांबणारच. इस्लाममध्ये दारू हराम आहे, त्यात सवलत नाही. शास्त्रीबुवांच्या धर्मशास्त्रातही सुरापान हे महापातकांत मोडते. म्हणजे दोघांच्याही धर्मांनी जे एकमताने वर्ज्य ठरवले, ते करण्यासाठी दोघे एका बैठकीवर एकत्र आले आहेत. हिंदू-मुसलमानांचे हे ऐक्य पाहून प्रेक्षक हसतो. मीही हसतो. पण हसता हसता चपराकही बसते. चांगल्या कामासाठी ज्यांना एका सतरंजीवर बसवणे अवघड, ते वाईट कामासाठी किती सहज बसतात! खुदाबक्षाला गडकऱ्यांनी वेगळा खलनायक केलेला नाही. तो बाकीच्यांइतकाच वाया गेलेला आहे, आणि या समतेबद्दल मला त्यांचे आभारच मानावेसे वाटतात.

इथे एक शंका कोणी काढील. उर्दू शायरीत तर पानोपानी साकी आहे, जाम आहे, मयखाना आहे. उमर खय्यामच्या रुबाया माधव जूलियनांनी मराठीत आणल्या आणि आपल्याकडेही त्या आवडीने वाचल्या गेल्या. मग गझल लिहिणाऱ्यांनी ‘एकच प्याला’वर बोलावे कसे? याचे उत्तर सोपे आहे. गझलेतला प्याला हे बहुतेक वेळा रूपक असते. कधी ती ईश्वरभक्तीची धुंदी असते, कधी ढोंगी धर्मोपदेशकाला मारलेला टोमणा. रियाज खैराबादी यांनी जन्मभर दारूवर शेर लिहिले आणि दारूला स्पर्श केला नाही असे सांगतात. रूपकातल्या प्याल्याची किंमत वाचकाला द्यावी लागत नाही. गडकऱ्यांचा प्याला रूपकातला नाही. त्याची किंमत आहे आणि ती दुकानदाराच्या गल्ल्यात नव्हे, घरातल्या जात्यावर मोजली जाते.

कारण सुधाकर पीत असताना घर चालवते कोण? सिंधू. सहा महिने संपून सनद परत मिळते त्या दिवशी सुधाकर प्यालेल्या अवस्थेत कोर्टात जातो आणि ती कायमची गमावतो. घरातली चीजवस्तू जाते. सिंधूचा भाऊ पद्माकर श्रीमंत आहे, तो मदत करू शकतो. पण सुधाकरने तिला शपथ घातली आहे: माहेरचे काही घ्यायचे नाही. म्हणजे पाहा, दारू पिताना सुटलेला स्वाभिमान बायकोला शपथ घालताना परत येतो! आणि तो सांभाळायचा कोणी, तर तिने. लोकांची दळणे दळून सिंधू घर चालवते. भाऊ तिला न्यायला येतो तेव्हा ती नवऱ्याचे पाय सोडायला नकार देते. भरजरी वस्त्रांसाठी प्रसिद्ध असलेले बालगंधर्व इथे ठिगळांच्या लुगड्यात जात्यावर बसत. प्रेक्षक ढसाढसा रडत आणि पद संपले की ‘वन्स मोअर’ देत. या दृश्याकडे आज पाहिले की मन चरकते. उपाशी पोटी दळण दळणाऱ्या बाईला आपण पुन्हा एकदा म्हणायला सांगत होतो.

शेवटच्या अंकात नशेत सुधाकरचा हात उठतो. तान्हे बाळ जाते. सिंधू डोक्याला जबर मार लागून मरणाच्या दारात पडते. फौजदार जबानी घ्यायला येतो. सत्य सांगण्याची ही शेवटची संधी असते, आणि सिंधू सांगते की नवऱ्याने मारले नाही, आपणच पडलो. मग ती जाते, आणि तिच्यामागे विषाचा प्याला घेऊन सुधाकर.

या एका खोट्या जबानीपाशी संपूर्ण नाटक गोळा झाले आहे असे मला वाटते. पिढ्यान् पिढ्या प्रेक्षकांनी या जागेला हात जोडले. पतिव्रता असावी तर अशी, म्हणाले. आणि हे खरे की त्या क्षणी तिचे प्रेम अफाट आहे. ज्याने सर्वस्व नेले त्याला ती फासापासून वाचवते. पण ही जबानी दुसऱ्या बाजूनेही वाचून पाहा. कायदा दारात उभा आहे, प्रश्न विचारतो आहे, आणि जिच्यावर अन्याय झाला तिलाच अन्याय झाकणे हे आपले पुण्यकर्म वाटते. असे वाटायला तिला कोणी शिकवले? सुधाकरने एकट्याने नाही. आईने, आजीने, व्रतवैकल्यांच्या कहाण्यांनी, कीर्तनाने, आणि हो, प्रेक्षागृहातल्या टाळ्यांनीही.

सिंधूने म्हटलेला तो शब्द आपल्या घरांतून आजही ऐकू येतो. डोळ्याखाली काळे-निळे झालेली बाई दवाखान्यात येते. डॉक्टर विचारतात, काय झाले? वऱ्हाडी बोलणारी म्हणते, “पडली ना मी मोरीत.” आमच्या मोहल्ल्यातली म्हणते, “गिर गई थी, जीने पर से.” भाषा दोन, धर्म दोन, उत्तर एक. शेजारणीला खरे माहीत असते, सासूला माहीत असते, बहुधा डॉक्टरांनाही कळलेले असते. तरी ‘पडली’ हा शब्द सगळ्यांच्या सोयीचा असतो, कारण तो ऐकल्यावर कोणालाच काही करावे लागत नाही. आमच्याकडे दारू हराम म्हणून एक अडचण आणखी असते. नवरा पितो असे सांगितले तर मारहाणीआधी घराण्याच्या दीनाचीच चर्चा होईल, म्हणून त्या बाईला दोन गोष्टी झाकाव्या लागतात.

पण गडकरी एवढ्यावर थांबलेले नाहीत, आणि इथे त्यांचा मोठेपणा दिसतो. त्यांनी त्याच नाटकात गीता उभी केली आहे. गीता तळीरामाची बायको. तिचाही नवरा दारुडा, तिचाही संसार उद्ध्वस्त. पण गीता झाकत नाही. ती नवऱ्याला तोंडावर सुनावते, त्याचे रंग चारचौघांत सांगते. तिच्या भाषेत पदर सावरणे नाही. नाटकाच्या परंपरेप्रमाणे ती विनोदी पात्रांच्या गटात मोडते, त्यामुळे तिच्या तोंडच्या वाक्यांना हशा मिळतो. आपण सिंधूसाठी रडलो आणि गीतेला हसलो. मला तर वाटते की नाटकाचा नैतिक उपदेश सुधाकरच्या शेवटच्या पश्चात्तापात असेल, पण त्याची समाजटीका गीतेच्या जिभेवर आहे. उपदेश सांगतो, पहिल्या प्याल्याला शिवू नका. टीका विचारते, पहिला हात उठला तेव्हा तुम्ही सगळे कुठे होता?

गडकऱ्यांच्या या टीकेतून सज्जनही सुटत नाहीत. रामलाल हा सुधाकरचा मित्र, विलायतेला जाऊन आलेला, विचारी, मद्याच्या विरोधात तळमळीने बोलणारा. सुधाकरची धाकटी बहीण शरद बालविधवा आहे. रामलाल तिचा पालक-शिक्षक. पण वडिलांच्या मायेच्या नावाखाली आपल्या मनात अभिलाषा शिरली आहे, हे त्याला उमगते आणि तो हादरतो. त्याच शरदवर भगीरथाचे प्रेम आहे. भगीरथ हा प्रेमभंगाने मदिरा मंडळात गेलेला आणि रामलालच्या प्रयत्नाने सुटलेला तरुण. म्हणजे व्यसनातून उठलेला माणूस उजळ होतो आणि व्यसन नसलेला सभ्य माणूस आरशात स्वतःला पाहून दचकतो. विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला होता. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह करून दाखवला होता. तरी कायद्यानंतर साठाहून अधिक वर्षांनीही एका बालविधवेच्या मनाला काय हवे, हा प्रश्न रंगमंचावर इतका अवघड होता. आणि तळीराम आजारी पडतो तेव्हा डॉक्टर आणि वैद्य आपापल्या शास्त्राच्या श्रेष्ठत्वावर भांडत बसतात, रोगी तसाच राहतो. हा प्रवेश हसवतो, पण दवाखान्याच्या ओट्यावर ताटकळलेल्या कोणालाही तो जुना वाटणार नाही.

सुधाकर मधे एकदा दारू सोडतो. मनापासून सोडतो. कामधंदा शोधायला बाहेर पडतो. पण ज्या समाजाने त्याला हसत हसत पाजले, तो समाज त्याला उभा राहू देत नाही. जागोजागी अपमान वाट्याला येतात आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. आज वैद्यकशास्त्र व्यसनाला आजार मानते. सुटणे आणि पुन्हा घसरणे हा त्या आजाराचा स्वभाव आहे आणि केवळ शपथेने तो बरा होत नाही, हे डॉक्टर सांगतात. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट यांनी अनिल अवचटांच्या साथीने ‘मुक्तांगण’ सुरू केले. तिथे उपचार एकट्या रुग्णाचे होत नाहीत, घरच्यांशीही बोलले जाते. नवऱ्याच्या व्यसनावर पांघरूण घालत राहिले तर व्यसन त्या पांघरुणाखाली वाढते, हे बायकोला समजावून सांगावे लागते. गडकऱ्यांच्या काळी असे केंद्र नव्हते. सिंधूला हे सांगणारे कोणी नव्हते. तिला सोसायला सांगणारे मात्र गावभर होते.

कायदाही आता तो राहिला नाही. नवऱ्याच्या आणि सासरच्या छळाविरुद्ध १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत ४९८-अ हे कलम आले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तीच तरतूद ८५व्या कलमात आहे. २००५ साली कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि २००६च्या ऑक्टोबरपासून तो अमलात आला. त्यात नवऱ्याला तुरुंगात पाठवण्यापूर्वीच्या वाटा आहेत: घरात राहण्याचा हक्क, संरक्षणाचा आदेश, खर्चाची तजवीज. सिंधूपुढे दोनच पर्याय होते, नवऱ्याला फासावर देणे किंवा खोटे बोलणे. आजच्या बाईपुढे त्याहून अधिक आहेत. पण या सगळ्या कायद्यांना एक अट आहे. कोणीतरी खरे काय घडले ते सांगावे लागते.

आणि आमच्या विदर्भात ते सांगितले गेले आहे. वर्धा जिल्ह्यात गांधीजींच्या सेवाग्रामामुळे सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत लोकांच्या आंदोलनानंतर १९९३ मध्ये ती आली. चंद्रपूरच्या बायकांनी तिच्यासाठी वर्षानुवर्षे लढा दिला. २०१०च्या डिसेंबरात हिवाळी अधिवेशन चालू असताना त्या चिमूरहून पायी चालत नागपूरला विधानभवनावर आल्या. हजारोंच्या संख्येने आल्या, थंडीत आल्या, कडेवर मुले घेऊन आल्या. १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपुरात बंदी लागू झाली. बेकायदा दारू आणि गुन्हेगारी वाढल्याचे कारण देऊन २०२१ मध्ये सरकारने ती उठवली. बंदीने दारू खरोखर थांबते का, यावर जाणत्यांत मतभेद आहेत आणि ते प्रामाणिक आहेत. त्या वादाचा निकाल मी इथे लावणार नाही. मला दिसते ते वेगळे. त्या मोर्चातल्या प्रत्येक बाईने आपल्या घरात काय घडते ते भर रस्त्यावर सांगितले होते. त्यांच्यापैकी एकही ‘मी पडले’ म्हणत नव्हती. त्या सगळ्या गीता होत्या, आणि यावेळी त्यांना कोणी हसले नाही.

महाराष्ट्रात गावातले दारूचे दुकान बंद करण्यासाठी महिलांच्या मतदानाची सोय आहे. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद होते. जी मतदानाला आलीच नाही, तिचे न येणे उभ्या बाटलीच्या पारड्यात पडते. या नियमाने गप्प बसण्याची किंमत आकड्यात मांडली आहे. त्यामुळे अशा मतदानाच्या दिवशी गावातल्या बायका घरोघर जाऊन, म्हातारीला हात धरून केंद्रावर आणतात.

मग सिंधूचे काय करायचे? तिला नाकारायचे का? मला तसे वाटत नाही. सिंधूचे प्रेम खोटे नव्हते, आणि तिच्याइतके प्रेम करण्याची ताकद माणसात असते हे पाहून मन भरून येते. ती मूर्ख होती असे म्हणणारा तिच्यावर दुसऱ्यांदा अन्याय करतो. तिने जो मार्ग धरला तो तिला दिसलेला एकच मार्ग होता. दोष असलाच तर दुसरा मार्ग दाखवू न शकणाऱ्यांचा आहे, आणि तिच्या मरणाला आदर्श म्हणून मिरवणाऱ्यांचा आहे. शोकांतिका पाहून रडायचे असते, तिचे अनुकरण करायचे नसते. ग्रीकांनी, शेक्सपिअरने शोकांतिका लिहिल्या त्या लोकांनी तसे मरावे म्हणून नव्हे. गडकऱ्यांनीही सिंधूला मारले ते लेकीबाळींनी तिच्यासारखे मरावे म्हणून नाही.

सावनेरला गडकऱ्यांचे स्मारक आहे. २३ जानेवारीला त्यांची आठवण काढली जाते. शाळा-महाविद्यालयांतून ‘एकच प्याला’चा प्रवेश बसवणाऱ्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. सुधाकरचे भाषण बसवा, तळीरामाचे मंडळही बसवा, मुले मनमुराद हसतील. पण फौजदाराचा प्रवेश वगळू नका. सिंधू ‘पडले’ म्हणते, तिथे क्षणभर थांबा आणि समोर बसलेल्या मुलामुलींना विचारा, की तुम्ही त्या खोलीत असता तर फौजदाराला काय सांगितले असते? मुले खरे सांगतात. आणि त्यांतल्या एखाद्या मुलीने घरी जाऊन, मोरीत ‘पडलेल्या’ आपल्या आईजवळ बसून तोच प्रश्न पुन्हा एकदा हळूच विचारला, तर गडकऱ्यांचे नाटक अजून चालू आहे असे मी समजेन.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)